वाचक विचारतात : कडुनिंबाचं तेल पाण्यावर तरंगतं, मग फवारायचं कसं?

घरच्या घरी बनवायच्या कीटकरोधकांबद्दल आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे : 'कृती सांगितल्याप्रमाणे केली, तरी गुण आला नाही.' तेव्हा या वेळी प्रमाणांच्या जोडीला कारणंही देत आहोत. कारण कळलं की कुठे चुकलं हे आपलं आपल्याला शोधता येतं.

प्रश्न : कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून कुंड्यांवर फवारलं. सुरुवातीला नुसतं पाणी आलं आणि शेवटी तेलच तेल. दोन दिवसांत काही पानं करपली. मावा मात्र होता तिथेच आहे. प्रमाण किती घ्यावं?

प्रमाण 1 लिटर पाण्याला 5 मिली तेल, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पण तुमची गफलत प्रमाणापेक्षा क्रमात झालेली दिसते. तेल थेट पाण्यात ओतलं की कितीही हलवा, दोन मिनिटांत ते वर येतं. फवाऱ्याची नळी बाटलीच्या तळातून ओढते, त्यामुळे आधी पाणी येतं. पातळी खाली जाऊन तेलाचा थर नळीच्या तोंडाशी आला की तोच निव्वळ तेलाचा थर पानांवर बसतो. तुमची करपलेली पानं ती हीच.

तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवायला साबण लागतो, आणि तो आधी तेलात जायला हवा. वाटीत 5 मिली तेल घ्या, त्यात 2 मिली द्रव साबण घालून चमच्याने मिनिटभर घोटा. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत, घोटत घोटत अर्धी वाटी होऊ द्या. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं की बाकीच्या पाण्यात ओता. आता बाटली दहा मिनिटं हलवू नका आणि मग उजेडासमोर धरून वरचा काठ बघा. काठाला सोनेरी कडं दिसलं किंवा पाण्यावर तेलाचे गोल डोळे तरंगताना दिसले, तर साबण कमी पडला आहे. आणखी अर्धा मिली घालून पुन्हा हलवा. वरपासून खालपर्यंत सारखं दुधाळ दिसलं तर फवारायला घ्या, आणि फवारतानाही दर दोन-तीन मिनिटांनी बाटली हलवत राहा. थंडीत हे तेल थिजतं. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा. आचेवर धरू नका, कारण त्यातलं कामाचं द्रव्य उष्णतेने खराब होतं.

ते द्रव्य म्हणजे अ‍ॅझाडिरॅक्टिन. ते उन्हात लवकर मोडतं आणि अल्कधर्मी पाण्यात त्याहूनही लवकर. म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर करायची आणि बनवलेलं मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो चार-पाच तासांत संपवायचं. उरलेलं 'पुढच्या रविवारी वापरू' म्हणून ठेवलं तर पुढच्या रविवारी तुम्ही फक्त साबणाचं पाणी फवारत असता. तेल विकत घेताना थंड दाबाने काढलेलं, गडद, लसणासारखा उग्र वास असलेलं घ्या. शुद्ध करून पारदर्शक केलेल्या तेलात अ‍ॅझाडिरॅक्टिन जवळजवळ नसतं. असं तेल किडीच्या अंगावर थर देऊन तिला गुदमरवतं, एवढंच.

आता मावा तिथेच का राहिला? कडुनिंबाने कीड फवारल्याबरोबर मरून पडत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि पुढची पिढी खुंटते. फरक दिसायला चार ते सात दिवस लागतात. दर सात दिवसांनी अशा तीन फवारण्या करा. नोझल पानाच्या खालून वर धरा, कारण मावा, पांढरी माशी आणि पानातला रस शोषणारा बारीक कोळी (माइट) ही सगळी मंडळी पानाच्या पाठीवरच असतात. कुठल्याही झाडावर पहिल्यांदा फवारताना आधी दोन-तीन पानांवर मारून 48 तास थांबा. पारा 32 अंशांच्या वर असेल किंवा कुंडी सुकलेली असेल, तर त्या दिवशी फवारूच नका. तहानलेल्या झाडाचं पान लवकर करपतं.

प्रश्न : साबणाच्या पाण्याने मावा एकदा पूर्ण गेला, पण आठवड्याभरात परत आला. साबणाचं प्रमाण वाढवू का?

वाढवू नका. झाडाला त्रास होईल आणि मावा तरीही येईल.

साबण कसं काम करतो ते आधी बघू. मऊ अंगाच्या किडीवर साबणाचा ओला थर बसला की तिच्या अंगावरचं मेणचट आवरण विरघळतं, आतली पेशींची रचना बिघडते आणि कीड कोरडी पडून मरते. हे फक्त थर ओला असेपर्यंत. वाळलेल्या साबणाने काहीच होत नाही. त्यामुळे ज्या किडीला थेंब लागला ती मेली, जी पानाच्या गुंडाळीत होती ती वाचली. मावा बिनलग्नाचा वाढतो, म्हणजे मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं घालू लागतात. एक वाचली तरी वसाहत पुन्हा उभी राहते. उपाय म्हणजे प्रमाण तेच ठेवून दर चार-पाच दिवसांनी तीन ते चार वेळा फवारणी. फार गुंडाळलेले शेंडे सरळ खुडून, साबणाच्या पाण्यात बुडवून टाका.

प्रमाण 1 लिटरला 10 मिली, जास्तीत जास्त 20 मिली. साबण खराच साबण हवा, म्हणजे तेल आणि पोटॅशपासून बनलेला द्रव साबण. भांडी किंवा कपडे धुण्याचे बहुतेक द्रव हे साबण नसून डिटर्जंट असतात. त्यांतले घटक पानावरचं नैसर्गिक मेण धुऊन काढतात आणि दोन-तीन फवाऱ्यांत पानांच्या कडा तपकिरी होतात. पाणी जड असेल तर साबणाचा चोथा होतो. पाण्यात पांढरे तुकडे तरंगताना दिसले की समजा, साबण पाण्यातल्या चुन्याने खाऊन टाकला, किडीसाठी उरला नाही. अशा ठिकाणी पावसाचं किंवा आरओ यंत्राने शुद्ध केलेलं पाणी वापरा. फवारल्यावर दोन-तीन तासांनी झाड साध्या पाण्याने धुवा. नेचे आणि जाड पानांची मेणचट झाडं साबण सोसत नाहीत, त्यांना कापसाच्या बोळ्यानेच पुसा.

आणि मुंग्यांकडे लक्ष द्या. माव्याच्या अंगातून गोड, चिकट रस सुटतो. पानावर हात फिरवला की बोटाला तार धरतो तो हाच. मुंग्या या रसासाठी माव्याची राखण करतात आणि त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. कुंडीच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा, नाहीतर फवारणी चालूच राहील. दुसरीकडे, माव्याच्या गर्दीत काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी आढळली तर त्या फांदीवर काहीही फवारू नका. ती ढालकिड्याचीच अळी आहे आणि तुमच्या साबणापेक्षा ती काम चोख करते. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात, याचं फार वाईट वाटतं.

पिठ्या ढेकणावर साबण एकटा पुरत नाही, कारण त्याच्या अंगावर कापसासारखं मेण असतं आणि पाणी त्यावरून ओघळतं. कानातल्या काडीने 70 टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल थेट त्या पांढऱ्या पुंजक्याला लावा. पुंजका विरघळून खालचा गुलाबी-पिवळसर किडा उघडा पडला की काम झालं.

प्रश्न : गवती चहाच्या जातीचं सिट्रोनेला तेल खोबरेलात मिसळून लावतो. अर्ध्या तासात डास पुन्हा चावू लागतात. तेल भेसळीचं असेल का? सहा महिन्यांच्या बाळाला लावावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : बाळाला लावू नका. सुगंधी तेलं कोवळ्या त्वचेतून सहज शोषली जातात, बाळ हात तोंडात घालतं आणि निलगिरी, कापूर यांच्या उग्र वाफांनी तान्ह्या मुलांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. मच्छरदाणी, अंगभर सुती कपडे आणि खिडक्यांना जाळ्या, हेच बाळाचं कीटकरोधक. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून कापराच्या वड्याही मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका.

आता तुमच्या तेलाबद्दल. भेसळ असेलच असं नाही. डास आपल्याला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा वास यांवरून शोधतो. सिट्रोनेला हा माग पुसट करतं, पण त्याची गंधद्रव्यं हवेत झपाट्याने उडून जातात. जो वास तुम्हाला येतो, तो तुमच्या अंगावरून निघून चाललेला असतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत सिट्रोनेलाच्या उत्पादनांचं संरक्षण सरासरी 20 मिनिटांच्याही आत संपलं, 2 टक्के सोयाबीन तेल असलेलं उत्पादन सुमारे दीड तास टिकलं आणि 23.8 टक्के डीईईटी (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं सुमारे पाच तास. म्हणजे तुमचं अर्ध्या तासाचं गणित बरोबरच आहे.

मोठ्या माणसांसाठी करायचंच असेल तर 30 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सिट्रोनेलाचे 12 थेंब, म्हणजे 2 टक्के. 20 थेंबांचा साधारण 1 मिली होतो, त्यावरून कुठल्याही बाटलीचा हिशेब करता येतो. थेंब वाढवले की संरक्षण फारसं वाढत नाही, पुरळ मात्र उठतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. डोळे, ओठ, जखमा टाळा. दर 30 ते 40 मिनिटांनी पुन्हा लावावं लागेल हे गृहीत धरा. लिंबू, ईडलिंबू वगैरेंच्या सालीची दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, ती अंगाला लावायची नाहीत.

निलगिरीच्या लिंबाच्या वासाच्या जातीबद्दल बरंच ऐकायला मिळतं. तिच्या तेलावर प्रक्रिया करून मिळणारं पीएमडी हे द्रव्य खरोखर काही तास टिकतं. पण बाजारात सुगंधासाठी मिळणारं त्याच झाडाचं कच्चं तेल म्हणजे पीएमडी नव्हे. त्यात ते फारच थोडं असतं. पीएमडीची उत्पादनंही तीन वर्षांखालच्या मुलांना वापरत नाहीत.

डेंग्यू, मलेरिया यांची साथ असेल त्या दिवसांत घरच्या तेलावर विसंबू नका. डीईईटी, पिकॅरिडिन, आयआर3535 किंवा पीएमडी यांपैकी तपासलेलं रोधक, लेबलवरच्या सूचनेप्रमाणे वापरा. याने घरगुती उपायांना कमीपणा येत नाही. एक चावा पुरतो अशा आजाराशी गाठ असताना अर्ध्या तासाचं संरक्षण अपुरं आहे, इतकाच त्याचा अर्थ.

घरगुती उपायांत खरा जोर आहे तो डास जन्मूच न देण्यात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, पक्ष्यांचं पाणी, झाकणं, टायर सगळं रिकामं करायचं. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काथ्याने किंवा ब्रशने आतली बाजू घासा. जे पाणी ओतता येत नाही त्यात बीटीआय या जीवाणूच्या गोळ्या किंवा दाणे टाकतात. डासांच्या अळ्यांसाठी ते विष आहे, मासे आणि पाळीव प्राण्यांना त्याने अपाय होत नाही. आणि बसायच्या जागी टेबलफॅन लावा. डास उडण्यात कमजोर असतो, वाऱ्यासमोर त्याला स्थिर राहता येत नाही, शिवाय तुमच्या उच्छ्वासाचा मागही वाऱ्याने विखुरतो.

प्रश्न : बाल्कनीत तुळस, गवती चहा, झेंडू लावले तर डास येणार नाहीत ना?

येतील. या वनस्पतींचं तेल पानांतल्या सूक्ष्म ग्रंथींत बंद असतं. पान चुरगळल्याशिवाय ते हवेत पुरेसं येत नाही. झाडं जरूर लावा, पण ताटलीत पाणी साचू देऊ नका, नाहीतर डास हटवायला लावलेल्या कुंडीतच डास वाढतील. कडुनिंबाचा पाला जाळून धूर करण्याबद्दलही विचारलं आहे : धुराने डास थोडा वेळ दूर जातात, पण बंद खोलीत तो धूर आपल्याच फुप्फुसात जातो. दम्याचं माणूस घरात असेल तर अजिबात नको.

प्रश्न : मुंग्यांच्या वाटेवर दालचिनी, हळद, व्हिनेगर सगळं करून झालं. एका कोपऱ्यातून गेल्या की दुसऱ्या कोपऱ्यातून येतात.

कारण वारूळ जागच्या जागी आहे. मुंगी चालताना जमिनीवर गंधाची रेघ ओढत जाते आणि मागच्या मुंग्या त्या रेघेवरून येतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे, किंवा साधं साबणाचं पाणी घेऊन फडक्याने ती वाट भिंतीपासून खाण्याच्या जागेपर्यंत पुसली की रेघ तुटते. तेवढ्यापुरतं हे चांगलं आहे. पुसायची जागा संगमरवरी असेल तर व्हिनेगर टाळा, चकाकी जाते. दालचिनीची पूड किंवा पेपरमिंट तेल ओलांडायला मुंग्या नाखूश असतात, म्हणून त्या वळसा घालतात. काही जातींत तर उग्र वासाने त्रासून वारूळ फुटतं आणि एकाची तीन होतात. घरातल्या त्या बारीक, पिवळसर मुंग्यांचं असंच होतं.

वारूळच संपवायचं असेल तर आमिष लागतं. 500 मिली कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कापसाचे बोळे त्यात भिजवून, झाकणाला दोन भोकं पाडलेल्या डबीत ठेवा आणि डबी वाटेच्या कडेला मांडा. बोरिक 1 टक्काच ठेवायचं. इथे बहुतेकांचं चुकतं. 'जास्त घातलं की लवकर मरतील' म्हणून दोन-तीन चमचे घातले की मुंगी डबीपाशीच मरते, वारुळापर्यंत घास पोहोचतच नाही. आपल्याला ती जिवंत परत जायला हवी आहे, पिल्लांना आणि राणीला भरवायला. पहिले दोन दिवस डबीभोवती गर्दी वाढेल. तेव्हा घाबरून फवारा मारू नका, पुसूही नका. आमिष दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि दोन-तीन आठवडे चालू ठेवा. साखरेला तोंड लावत नसतील तर त्या मुंग्यांना स्निग्ध पदार्थ हवा आहे, शेंगदाण्याच्या लगद्यात तेच 1 टक्का बोरिक मिसळा.

बोरिक खनिज असलं तरी विष आहे. डबीवर तसं लिहा आणि मुलं, पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत तिथेच ठेवा.

प्रश्न : तमालपत्र आणि लवंगेने झुरळं जातात का?

लवंगेच्या तेलाचा उग्र वास झुरळांना आवडत नाही, तमालपत्राचा भरवसा नाही. पण झुरळ वासाने घर सोडत नाही, कपाट बदलतं. ओट्याखालून निघून ते फ्रिजच्या मोटरपाशी जातं, तिथे ऊबही असते. स्वयंपाकघरातली ती लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टे असलेली झुरळं असतील तर मादीच्या एका अंडकोशात 30-40 अंडी असतात. त्यांना पळवत बसायला वेळ नाही.

रात्री सिंक कोरडं करून ठेवा, गळता नळ दुरुस्त करा. झुरळ खाण्याशिवाय बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय तितके काढत नाही. मग बोरिक पावडर भिंतीच्या फटीत, फ्रिज आणि शेगडीच्या मागे, पाइप भिंतीत शिरतो तिथे टाका. किती? रिकाम्या, कोरड्या सॉसच्या बाटलीत चतुर्थांश भरा आणि दाबून फुंकर मारल्यासारखी उडवा. फरशीवर धुळीचा जेमतेम दिसेल इतका थर हवा. ढीग केला तर झुरळ त्याला टाळून जातं. पातळ थरावरून चाललं की पूड पायांना, मिशांना लागते, ते अंग चाटून साफ करतं आणि पूड पोटात जाते. ओली झालेली पूड निकामी, ती पुसून नवी टाका. टाकताना तोंडाला मास्क बांधा. अन्न ठेवतो किंवा चिरतो त्या पृष्ठभागावर कधीही टाकू नका.

प्रश्न : लसूण-मिरचीचा अर्क तिसऱ्या दिवशी आंबतो, फवारा तुंबतो. उकळून ठेवला तर टिकेल का?

टिकेल, पण कामाचा राहणार नाही. लसूण ठेचल्यावर त्यातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झोंबरा वास. आधीच उकळलं की विकर मरतो आणि अ‍ॅलिसिन बनतच नाही. मिरचीचं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला तेल लागतं. तेव्हा कृती अशी : 50 ग्रॅम लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. त्यात 25 ग्रॅम तिखट मिरची आणि 10 मिली कुठलंही खाद्यतेल घालून वाटा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी 1 लिटर पाणी आणि 5 मिली द्रव साबण घालून ढवळा आणि पातळ सुती कापडातून दोनदा गाळा, दुसऱ्यांदा न पिळता. पिळलं की बारीक चोथा उतरतो. तुमचा फवारा त्याच चोथ्याने तुंबतो आणि अर्क आंबतो तोही त्यामुळेच. फवारताना 1 भाग अर्काला 4 भाग पाणी घ्या. गाळलेला अर्क फ्रिजमध्ये, नाव लिहिलेल्या बाटलीत आठवडाभर राहतो. झाकण उघडताना फसफसला तर टाकून द्या.

हा अर्क किडीला पळवतो, मारत नाही. पानं कुरतडणाऱ्या अळ्या आणि भुंगेरे यांना तो विशेष नकोसा होतो. पाऊस पडला की पुन्हा फवारावा लागतो, एरवी दर पाच दिवसांनी. हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करा. फुलांवर मारू नका आणि मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच मारा. हा नियम या पानावरच्या प्रत्येक फवाऱ्याला लागू आहे.

प्रश्न : तंबाखूचं पाणी मारावं का? नैसर्गिकच आहे ना?

मारू नका. त्यातलं निकोटिन त्वचेतून थेट शरीरात जातं. मळमळ, चक्कर, छातीत धडधड, हे सगळं नुसत्या ओल्या हातांनी होऊ शकतं. मधमाश्या आणि ढालकिडेही मरतात. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या रोपांना लागू शकतो आणि त्यावर औषध नाही, रोप उपटावंच लागतं.

प्रश्न : घरात मांजर आणि माशांची टाकी आहे. कोणतं तेल चालेल?

मांजर असलेल्या घरात सुगंधी तेलांचा फवारा आणि डिफ्यूझर दोन्ही टाळा. टी-ट्री, लवंग, दालचिनी, संत्र्या-लिंबाच्या सालीची तेलं यांतली काही द्रव्यं मांजराच्या यकृताला निचरता येत नाहीत. शिवाय ते अंग चाटतं, म्हणजे केसांवर बसलेलं सगळं पोटात. लाळ गळणं, तोल जाणं, थरथर दिसली तर लगेच पशुवैद्याकडे न्या आणि बाटली सोबत घ्या. माशांची टाकी फवारणीपुरती झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. साबण आणि कडुनिंबाचं तेल दोन्ही माशांना घातक आहेत. झाडं शक्यतो बाहेर नेऊन फवारा, वाळल्यावर आत आणा.

प्रश्न : कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या उडतात. व्हिनेगरचा सापळा लावला, एकही अडकली नाही.

व्हिनेगरला येते ती फळमाशी. तिच्यासाठी अर्धी वाटी व्हिनेगर आणि साबणाचा एक थेंब पुरतो. थेंबाने पाण्याचा ताण मोडतो आणि माशी वर बसण्याऐवजी बुडते. कुंडीतली माशी वेगळी. तिच्या अळ्या वरच्या दोन-तीन इंच ओल्या मातीत बुरशी आणि कोवळी मुळं खातात. बोट खुपसून माती दोन इंच कोरडी लागेपर्यंत पाणी देऊ नका, मातीलगत पिवळे चिकट सापळे आडवे ठेवा. तीन आठवडे हे पाळलं की बहुतेक संपतात. नाहीच संपल्या तर वर सांगितलेलं बीटीआय पाण्यातून मातीत द्या.

प्रश्न : धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवूनही किडे झाले, वर बुरशीही आली.

पाला ओला होता. तो सावलीत, मुठीत दाबल्यावर चुरा होईल इतका वाळवायचा आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचा. हिरव्या पाल्यातलं पाणी धान्यात उतरतं आणि किडीला ओलावाच हवा असतो. दुसरं म्हणजे पाला नवी कीड येऊ नये म्हणून आहे. सोंडकिड्याची मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या, चाळलेल्या धान्यातही ती आत असतातच, त्यांच्यापर्यंत पाला पोहोचत नाही. धान्य आणल्यावर घट्ट पिशवीत भरून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरचं दव दाण्यांवर धरतं आणि पुन्हा बुरशी.

कडधान्याच्या भुंगेऱ्याचं अंडं मात्र दाण्याच्या बाहेर चिकटलेलं असतं. सालीवर टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरे ठिपके दिसतात ती हीच. तिथे तेल उपयोगी पडतं : 1 किलोला 5 मिली खाद्यतेल, तळहाताला लावून दाण्यांना सगळीकडून चोळायचं. तेलाच्या थराखाली अंड्याला हवा मिळत नाही. चोळून झाल्यावर मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. कोरडे, निस्तेज दाणे दिसले तर तिथे तेल पोहोचलेलं नाही, पुन्हा एकदा हात फिरवा आणि मगच डबा बंद करा.